मदत हवी आहे : रशियातील 'रायोन'ला मराठीत तालुका म्हणावे की जिल्हा? (व्होल्गेच्या उगमाचा परिसर)

नमस्कार.

नद्यांच्या उगमांवर मी एक लेखमाला लिहीत असून तिचा पुढचा लेख व्होल्गेवर आहे. भूगोलाचा भाग लिहून झाला आहे. प्रशासनाच्या परिच्छेदापाशी मात्र मी तीन आठवडे अडलो आहे, आणि अडचण माहितीची नसून मराठी शब्दांची आहे. (रशियात 'ओब्लास्त' हा संघराज्याचा घटक, आणि 'रायोन' हा त्याच्या आतला लहान प्रशासकीय विभाग.) रशियन जाणणाऱ्यांनी, तिकडे राहून आलेल्यांनी आणि आपल्याकडे महसूल किंवा पंचायत विभागात काम केलेल्यांनी मदत करावी, ही विनंती.

आधी प्रदेश थोडक्यात सांगतो, म्हणजे प्रश्न नीट कळेल. व्होल्गा त्वेर ओब्लास्तमध्ये, वाल्दाई उंचवट्यावरच्या व्होल्गोवेर्खोव्ये या लहानशा खेड्याजवळ उगम पावते. पाणथळ जागेतल्या एका झऱ्यावर लाकडी प्रार्थनाघर बांधलेले आहे आणि तिथे फळ्यांच्या साकवावरून जावे लागते. उगम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डोंगरकडा येतो. ही जागा समुद्रसपाटीपासून केवळ २२८ मीटर उंच आहे. व्होल्गेची लांबी सुमारे ३,५३० किलोमीटर, आणि ती ज्या कॅस्पियनला मिळते त्याची पातळी समुद्रसपाटीच्याही सुमारे २८ मीटर खाली आहे. म्हणजे एवढ्या वाटचालीत नदी जेमतेम अडीचशे मीटर उतरते. याच उंचवट्याच्या परिसरातून पश्चिम द्विना बाल्टिककडे आणि नीपर काळ्या समुद्राकडे निघते.

हिमयुगातल्या बर्फाने मागे टाकलेल्या टेकड्या, त्यांच्यामधली दलदल आणि सरोवरे हे इथल्या भूमीचे रूप आहे. सर्वांत मोठे सरोवर सेलिगेर, पण ते एकसंध नाही. अरुंद खाड्यांनी जोडलेली ती अनेक जलाशयांची माळ आहे आणि या प्रत्येक भागाला रशियनमध्ये 'प्ल्योस' म्हणतात. पाण्याचे क्षेत्र सुमारे २१२ चौरस किलोमीटर, बेटे दीडशेहून अधिक, आणि त्यांतल्या खाचिन या सर्वांत मोठ्या बेटाच्या पोटात पुन्हा लहान सरोवरे आहेत. शंभराहून अधिक ओढे-नद्या सेलिगेरमध्ये येतात, बाहेर पडणारी मात्र सेलिझारोव्का ही एकच, आणि ती पुढे व्होल्गेला मिळते. स्वतः व्होल्गा स्तेर्झ, व्सेलुग, पेनो आणि व्होल्गो या सरोवरांमधून वाट काढते. उन्हाळ्यात खाली नौकांना पाणी पुरावे म्हणून १८४३ मध्ये त्यांच्या खालच्या अंगाला बंधारा घातला गेला. सेलिगेरच्या दक्षिण काठावर ओस्ताश्कोव्ह हे या भागाचे शहर आहे. त्याला १७७० मध्ये शहराचा दर्जा मिळाला आणि बोलोगोये-पोलोत्स्क हा लोहमार्ग तिथून जातो.

या भागाविषयी मला वाटणाऱ्या ओढीचे कारणही सांगतो. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा त्वेरचा व्यापारी व्होल्गेवरूनच निघून अखेर आपल्या चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. त्याची नाव ज्या पाण्यावर तरंगली ते याच दलदलीतून वाहत आलेले होते, हा विचार मला फार जवळचा वाटतो, आणि म्हणून या परिसराबद्दल मराठीत ढिसाळ लिहू नये, असे मनापासून वाटते.

आता अडचण. झारच्या काळात हा त्वेर गुबेर्नियातला ओस्ताश्कोव्ह 'उयेझ्द' होता. सोव्हिएत राजवटीने १९२० च्या दशकात गुबेर्निया, उयेझ्द आणि व्होलोस्त ही जुनी उतरंड मोडून ओब्लास्त, ओक्रुग आणि रायोन अशी नवी बसवली. १९२९ मध्ये ओस्ताश्कोव्ह रायोन झाला तो स्मोलेन्स्क येथे मुख्यालय असलेल्या पश्चिम ओब्लास्तमध्ये. पुढच्याच वर्षी मधली ओक्रुगची पायरी काढून टाकण्यात आली. १९३५ मध्ये कालिनिन ओब्लास्त निर्माण झाला, आणि १९९० मध्ये कालिनिनचे नाव पुन्हा त्वेर झाले. इथपर्यंत निभावते.

खरा गुंता त्यानंतरचा आहे. ६ ऑक्टोबर २००३ च्या १३१ क्रमांकाच्या संघीय कायद्याने स्थानिक स्वराज्याचे दोन स्तर ठरवले : वर म्युनिसिपल रायोन, आणि त्याच्या आत शहरी व ग्रामीण 'पोसेलेनिये', म्हणजे वस्त्यांचे गट, ज्यांना स्वतःचे निवडून आलेले मंडळ आणि स्वतःचे अंदाजपत्रक होते. ज्या मोठ्या शहरांना हे दोन स्तर नकोत त्यांच्यासाठी 'गोरोद्स्कोय ओक्रुग', शब्दशः 'शहरी मंडल', अशी एकस्तरीय रचना होती. २०१७ मध्ये ओस्ताश्कोव्ह रायोनमधली सगळी पोसेलेनिये विलीन करून संपूर्ण प्रदेशाचाच एक गोरोद्स्कोय ओक्रुग करण्यात आला. परिणाम असा, की अरण्य, दलदल, बेटे आणि व्होल्गेच्या उगमाजवळचे ते खेडे हे सारे कागदोपत्री 'शहरी' मंडलात गेले. मी पहिल्या खर्ड्यात 'ओस्ताश्कोव्ह शहर क्षेत्र' असे लिहिले होते. तो वाचून एका मित्राने विचारले, की व्होल्गा शहरात उगम पावते काय? त्याचा प्रश्न रास्त होता.

या विसंगतीची दखल पुढे कायद्यानेही घेतली. २०१९ मध्ये 'म्युनिसिपल ओक्रुग' हा एकस्तरीयच, पण 'शहरी' न म्हणवणारा नवा प्रकार आला आणि शहरी ओक्रुगसाठी किमान दोन तृतीयांश लोकसंख्या शहरांत असावी, शिवाय लोकवस्तीची घनता देशाच्या सरासरीच्या निदान पाचपट असावी, अशा अटी घातल्या गेल्या. शेजारचे सेलिझारोवो आणि पेनो म्युनिसिपल ओक्रुग झाले. मार्च २०२५ च्या नव्या कायद्याने तर एकस्तरीय रचनाच मुख्य मानली आहे, मात्र स्थानिक वैशिष्ट्ये पाहून दोन स्तर राखण्याची मुभा प्रदेशांना ठेवली आहे.

माझे प्रश्न असे. रायोनला 'जिल्हा' म्हटले तर आपल्या वाचकाच्या मनात जिल्हाधिकारी आणि काही लाखांची वस्ती उभी राहते, जी तिथे नाही; 'तालुका' म्हटले तर आकारमान जुळते, पण मग ओब्लास्त हा जिल्हा वाटू लागतो, जो प्रत्यक्षात आपल्या राज्यासारखा संघराज्याचा घटक आहे. गोरोद्स्कोय ओक्रुगसाठी 'शहरी' शब्द न वापरता काय लिहावे? आणि २०१८ मध्ये कायद्यात आलेल्या 'स्तारोस्ता' या खेड्यातल्या पदाला काय म्हणावे?

प्रतिसाद

माझे वैद्यकीय शिक्षण त्वेरला झाले आणि सुट्टीत सेलिगेरला दोनदा जाणे झाले, म्हणून लिहितो. आपण भूभाग आणि संस्था यांना एकच शब्द शोधत आहात, तिथेच अडत आहात, असे मला वाटते. लोकांच्या बोलण्यात आणि पत्त्यांतही 'रायोन' हा भूभाग म्हणून टिकून राहतो, तर ओक्रुग हे कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नाव आहे. सरकारी वर्गीकरणातही प्रशासकीय-प्रादेशिक विभागांसाठी आणि म्युनिसिपल विभागांसाठी दोन स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहेत. म्हणून भूगोल सांगताना 'रायोन' आणि कारभार सांगताना 'ओक्रुग' असे मूळ शब्द ठेवावेत. दुसरे, स्पेलिंगप्रमाणे ओस्ताश्कोव्ह बरोबर असले तरी उच्चारात पहिला स्वर 'अ'कडे झुकतो. तळटीप द्यायला हरकत नाही.

प्रतिसाद

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण तालुका हा शब्द पूर्ण टाकू नये, असे सुचवतो. आपल्याकडेही तालुका म्हटला की एका बाजूला शासनाचे तहसील कार्यालय आणि दुसऱ्या बाजूला निवडून आलेली पंचायत समिती, अशा दोन निराळ्या गोष्टी एकाच हद्दीत असतात. रशियाच्या १९९३ च्या संविधानातील बाराव्या कलमाने स्थानिक स्वराज्य संस्थांना राज्यसत्तेच्या यंत्रणेबाहेर ठेवले आहे, त्यामुळे हे दुहेरीपण वाचकाला तालुक्याच्या उदाहरणावरूनच चटकन कळेल. तुलना एकदा करावी आणि नंतर मूळ शब्दच वापरावा. स्तारोस्ताविषयी आपण थोडे अधिक सांगितले, तर सुचवता येईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांनुसार वाक्य असे बदलले आहे : "व्होल्गेचा उगम ओस्ताश्कोव्ह रायोनमध्ये आहे, आकारमानाने आपल्या तालुक्याशी तुलना करता येईल अशा या प्रदेशाचा कारभार २०१७ मध्ये एकाच ओक्रुगकडे सोपवण्यात आला." 'गोरोद्स्कोय' या विशेषणाचा अर्थ तळटीपेत देईन.

स्तारोस्ताबद्दल सांगतो. ग्रामस्थांची सभा, जिला 'स्खोद' म्हणतात, त्याचे नाव सुचवते आणि ओक्रुगचे निवडून आलेले मंडळ त्याची नेमणूक करते. तो म्युनिसिपल नोकर नसतो. गावकऱ्यांच्या अडचणी वर पोहोचवणे आणि वरचे निर्णय गावात कळवणे हे त्याचे काम. पोसेलेनियेची मंडळे गेल्यावर दूरच्या खेड्यांना कार्यालयाशी जोडणारा दुवा बऱ्याच ठिकाणी तोच उरतो, त्यामुळे हा शब्द मला चुकवायचा नाही. 'सरपंच' लिहिले तर त्याच्या हाती ग्रामपंचायत आणि निधी आहे असे वाटेल, 'पाटील' लिहिले तर वतनाचा वास येईल, आणि पोलीस पाटलाला तर शासन नेमते. 'गावप्रतिनिधी' हा शब्द आपणा दोघांना कसा वाटतो?