शब्दचर्चा: 'रबर होज' – बिनकोपराच्या हातांना मराठीत काय म्हणायचं?

तिरपी रेघ
सुट्टीत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी चित्रांची कार्यशाळा घेते आहे. विषय आहे १९२० ते १९३५च्या सुमाराची अमेरिकन कार्टूनं आणि त्या धर्तीची पात्रं काढणं. म्हणजे तीच ती काळी-पांढरी मंडळी: हातपाय पाइपासारखे, वाटेल तिथून वाकणारे, टोकाला फुगीर पांढरे हातमोजे आणि अवाढव्य बूट. इंग्रजीत या शैलीला 'रबर होज' म्हणतात. पत्रक मराठीत काढायचं आहे. 'रबरी नळी शैली' असं लिहून पाहिलं, तर घरच्यांनी विचारलं, नळदुरुस्ती शिकवणार आहेस का? शब्द सुचवा. 'पाय-कट' डोळ्यांसाठीही हवा आहे, म्हणजे काळ्या गोलातून पाय किंवा केकच्या तुकड्यासारखा त्रिकोण काढलेले डोळे. तो शब्द देवनागरीत लिहिला की कुणाचे तरी पाय कापल्यासारखं वाटतं.

बखरवाले
नळीहात. संपला विषय.

शाईदौत
बखरवाले, इतक्यात नको. आधी वस्तू बघू, मग नाव ठेवू.

फेलिक्स मांजर १९१९ साली न्यूयॉर्कच्या पॅट सलिव्हनच्या स्टुडिओतून पडद्यावर आलं, तेव्हा ते चांगलंच टोकदार होतं. नंतर बिल नोलन या ॲनिमेटरने त्याचे कोपरे घासून ते गोलगरगरीत केलं. या शैलीचं श्रेय बहुतेकदा नोलनलाच दिलं जातं. कारण सौंदर्याचं कमी आणि कामाच्या रेट्याचं जास्त होतं. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं, तरी सेकंदाला १२ चित्रं काढावी लागतात. १९२८ साली मिकीचं पहिलं कार्टून अब आयवर्क्सने जवळजवळ एकहाती रेखाटलं. दिवसाला सातसातशे चित्रं काढल्याचं सांगतात. अशा माणसाला कोपर परवडत नाही. कोपर आला की दंड किती लांब, पुढचा हात किती, हात आपल्याकडे वळला तर कुठला भाग आखूड दिसणार, हा सगळा हिशेब आला. कोपर काढून टाकला की उरतो एकच बाक. खांद्यावर सुरू, मनगटावर खलास.

म्हणून 'नळी' मला खटकते. आपल्याकडे नळी हाडाला म्हणतात. पायाची नळी, मटणाच्या रश्श्यातली नळी. ज्या हातात हाडच नाही, त्याला हाडाचं नाव द्यायचं?

बखरवाले
रश्श्यातली नळी आठवून दिलीत, आता चर्चा जेवणानंतर. पण मग 'पाइप' म्हणा की. बागेला पाणी घालायला आपण काही 'होज' आणत नाही, पाइपच आणतो.

खडूचा तुकडा
'अस्थिहीन शैली' कसं वाटतं? किंवा 'लवचीक शैली'?

शाईदौत
'अस्थिहीन' वर हरकत अशी की याच काळात, १९२९ साली, डिस्नेने नाचणाऱ्या सापळ्यांचं कार्टून काढलं. स्मशानात चार सापळे नाचतात, त्यातला एक तर दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर हाडांनी वाद्य वाजवतो. नुसती हाडंच आहेत, मांस औषधालाही नाही, तरी अंगात रबराची ढिलाई आहेच. शैली शरीरात काय आहे यावर ठरत नाही, ते वाकतं कसं यावर ठरते.

'लवचीक' फार सैल आहे. पुढे डिस्नेकडच्याच मंडळींनी दाबणं-ताणणं शास्त्रशुद्ध केलं. तिथे चेंडू जमिनीवर आपटून चपटा होतो आणि उडताना लांबट होतो, पण त्याचं आकारमान सांभाळलं जातं, वजन जाणवतं. तेही लवचीकच. रबर होजमध्ये वजनाची पर्वाच नसते. हात लांबवून पलीकडच्या इमारतीवरची टोपी उचलली तरी कुणी हिशेब मागत नाही.

खडूचा तुकडा
म्हणजे खरी ओळख सांधा नसणं ही. मग 'बिनकोपरी' म्हणू या का? मला तर हा शब्द फारच आवडला, कारण मराठीचं निम्मं अंगविक्षेपांचं भांडार या पात्रांना बंद होतं. कुणाला कोपरापासून नमस्कार करता येणार नाही. आणि व्यंगचित्र म्हणजे मुळात कोपरखळी. इथे कोपरच नाही तर खळी कशी मारणार!

बखरवाले
कोपरापासून नमस्कार घ्या.

चौकट क्र. २४
मी मोशन ग्राफिक्सचं काम करतो, आमच्याकडची परिस्थिती सांगतो. 'रबर होज' ही आता फक्त शैली राहिलेली नाही, ते एका सॉफ्टवेअर-साधनाचंही नाव आहे. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राला हातपाय बसवायला ते वापरतात. खांदा आणि मनगट असे दोन बिंदू द्यायचे, मधला बाक आपोआप तयार होतो. त्यामुळे ऑफिसात बोलणं असं चालतं: 'उजव्या हाताला रबर होज लाव', 'रबर होज काढ, मला नीट गुडघा हवाय.' गंमत म्हणजे ज्या पात्राला हे लावतात ते बँकेच्या जाहिरातीतलं अगदी आजचं गुळगुळीत पात्र असतं. फेलिक्सशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

तेव्हा शब्द दोन अर्थांनी रुळलाय. साधन म्हणून तो बदलणार नाही, कुणी कितीही बिनकोपरी म्हणो. शैली म्हणून मराठी शब्द आला तर उलट सोय होईल, दोन अर्थ वेगळे पडतील.

तिरपी रेघ
हे कामाचं आहे. मुलं मात्र तिसऱ्याच वाटेने येतात, 'कपहेड' खेळून. त्यांना फेलिक्स माहीत नाही, बेटी बूप माहीत नाही, पण कपाच्या डोक्याचा तो भिडू पाठ आहे.

शाईदौत
तो खेळ २०१७चा, कॅनडातल्या मोल्डनहॉअर भावांचा. त्यांचा ओढा डिस्नेपेक्षा न्यूयॉर्कच्या फ्लाइशर स्टुडिओच्या कार्टूनांकडे जास्त. पात्रं कागदावर पेन्सिलीने काढून हातानेच शाई केलेली, पार्श्वभूमी जलरंगातली. मुलांना हे जरूर सांगा. सगळ्यांना वाटतं की कुठलंतरी 'जुना लूक' बटण दाबलंय.

जुना प्रोजेक्टर
हातमोज्यांबद्दल एक सांगायचंय, कारण पत्रकात त्याचा उल्लेख नुसता 'गोंडस' म्हणून जाईल अशी भीती वाटते.

मिकीच्या हातात मोजे आले १९२९ साली. त्याआधी हात काळे आणि अंगही काळं, त्यामुळे हात छातीसमोर आला की नाहीसा व्हायचा. मोजे घातल्यावर हाताचे हावभाव वाचता येऊ लागले. हे तांत्रिक कारण खरं आहे आणि सगळीकडे तेवढंच सांगतात. पण काळा चेहरा, रुंद तोंड आणि पांढरे हातमोजे हा वेश त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला कार्टूनच्या आधीपासून ओळखीचा होता. गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत, त्या मिन्स्ट्रेल खेळांतला तो वेश. १९३०चं बॉस्को हे कार्टूनपात्र तर उघडच त्या साच्यातलं आहे. मुलांना मोजे काढू द्यावेत, माझी ना नाही. पण आठवीच्या मुलाला हे कळतं, आणि विचारलं तर सांगायला तयार असावं.

खडूचा तुकडा
सहमत. 'मिन्स्ट्रेल'ला मराठी शब्द शोधायला जाऊ नका मात्र. तमाशा, बहुरूपी यांतलं काहीही लावलं तर त्या बिचाऱ्यांवर अन्याय होईल.

तिरपी रेघ
सांगेन. वेगळं पान देते त्याला. आता डोळे?

बखरवाले
फोड काढलेले डोळे. कलिंगडाची फोड काढतात तशी.

खडूचा तुकडा
डोळ्याला फोड म्हटल्यावर आई आधी डॉक्टरकडे नेईल. आणि 'खाच' तर मुळीच नको. डोळ्यांच्या खाचा झालेला माणूस आंधळा असतो.

चौकट क्र. २४
'खाप'? आंब्याची खाप.

शाईदौत
खाप लांबट असते. इथे काळ्या गोलातून त्रिकोणी तुकडा गेलेला असतो, केंद्राकडे टोक करून. आपल्याकडे गोल वस्तूचा असा तुकडा म्हणजे भाकरीचा चतकोर. 'चतकोर डोळे' म्हणा. चौथा हिस्सा नेमका नसतो, बहुधा त्याहून कमीच असतो, पण घरात तोडलेला चतकोरसुद्धा कुठे मोजून असतो?

एक बारीक गोष्ट: सुरुवातीच्या कार्टूनांत पडद्यावरच्या मिकीचे डोळे नुसते काळे लंबगोल होते. चतकोर गेलेले डोळे जास्त दिसतात ते भित्तिपत्रकांवर आणि छापील चित्रांत. नुसत्या काळ्या ठिपक्याची नजर कुठे आहे ते कळत नाही; चतकोर कुठल्या बाजूला काढलाय यावरून ती दाखवता येते. १९३९ साली मिकीच्या डोळ्यांत पांढरं बुबुळाभोवती आलं आणि हा प्रश्नच मिटला.

तिरपी रेघ
चतकोर डोळे घेतले! लगेच लिहून ठेवते.

जुना प्रोजेक्टर
आणखी एक शब्द लागेल तुम्हाला. ही पात्रं उभी असतानासुद्धा स्थिर नसतात, गुडघ्यातून (नसलेल्या) वरखाली होत राहतात. इंग्रजीत याला उसळीचा शब्द वापरतात. मी 'ठेका' म्हणेन. कारण ही चाल संगीताच्या मात्रांवर बांधलेली असते. १९२८नंतर आवाज आल्यावर तर सगळं जगच ठेक्यावर डोलायला लागलं, झाडं, घरं, चहाची किटली, सगळं. फ्लाइशरकडे १९३२ साली जाझ गायक कॅब कॅलोवे प्रत्यक्ष नाचला, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून गिरवून एका भुताटकीच्या वॉलरसला ती चाल दिली. तो वॉलरस आणि त्याच चित्रपटातली इतर पात्रं शेजारी शेजारी बघा. वॉलरसला वजन आहे, तोल आहे, त्याचं पाऊल घसरतं ते माणसाचं. बाकीच्यांना नुसता ठेका.

चौकट क्र. २४
'ठेका धरणे' तयारच आहे मराठीत. मस्त.

पाटीपेन्सिल
बरेच दिवस वाचतेय, पहिल्यांदाच लिहिते. तिरपी रेघ यांनी 'व्हिंटेज'चं काही विचारलं नाही, पण पत्रकावर तो शब्द येईलच, म्हणून. आपण जुन्या पद्धतीच्या माणसाला 'जुन्या वळणाचा' म्हणतो. अक्षराला वळण असतं, मुलाला वळण लावतात. आणि या पात्रांच्या हातापायांत वळणाशिवाय दुसरं काहीच नाही. 'जुन्या वळणाची कार्टूनं' म्हटलं तर काळ आणि आकार दोन्ही एकाच शब्दात येतात.

बखरवाले
नळीहात मागे घेतो.

शाईदौत
पत्रकाच्या मथळ्यासाठी याहून चांगलं सुचणार नाही. पारिभाषिक शब्द म्हणून मात्र चालणार नाही. 'जुन्या वळणाचं' म्हटल्यावर कुणी वासुदेवाचं चित्रही समजेल. मथळा वळणाचा ठेवा आणि खाली 'रबर होज शैली' असं स्पष्ट लिहा. मुलाला घरी जाऊन शोधायचं असेल तर तो हेच दोन शब्द टाकणार आहे.

खडूचा तुकडा
आणि शिकवताना तोंडी 'बिनकोपरी'. माझा हट्ट आहे.

तिरपी रेघ
तिन्ही वापरते. आता पहिल्या सरावाचा मजकूर बघा, भाषेच्या दृष्टीने:

'डोक्यासाठी एक गोल, पोटासाठी पेरूसारखा आकार. खांद्यापासून मनगटापर्यंत आधी फक्त एक बारीक रेघ काढा, सी किंवा एस आकाराची. मग तिच्या दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर रेघा काढून हात भरा. हाताची जाडी वरपासून खालपर्यंत तीच राहिली पाहिजे. शेवटी मोजा: तीन बोटं, एक अंगठा, पाठीवर तीन छोट्या रेघा.'

शाईदौत
'शेवटी मोजा' म्हणजे मुलं बोटं मोजत बसतील. 'शेवटी हातमोजा' लिहा.

जाडीचं वाक्य ठळक करा. मुलं सवयीने दंड जाड आणि मनगट बारीक काढतात, आणि तेवढ्यानेच सगळं बिघडतं. आतल्या वळणाला घडीही पडू देऊ नका, घडी दिसली की कोपर आला.

पाटीपेन्सिल
सी आणि एस कशाला? सी म्हणजे चंद्रकोर. आणि एस म्हणजे आपला अवग्रह, ऽ.

तिरपी रेघ
सहावीतल्या किती जणांना अवग्रह माहीत असेल?

पाटीपेन्सिल
नाव नसेल माहीत, पण चिन्ह रोज बघतात. कॉमिकच्या फुग्यात 'आऽऽई गं' असतं ना, त्यातलं ते. कड्यावरून पडणाऱ्या पात्राच्या तोंडी तर तीन-चार असतात.

चौकट क्र. २४
त्या पडणाऱ्या पात्राचे हातही तसेच काढायला सांगा. एकच सराव, दोन कामं.