पर्यावरणाचं काम करणाऱ्यांचा सन्मान करायचाय, पण नेमका कुणाचा?

नदीकाठ:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या भागात नदीकाठ साफ करणारे, झाडं लावणारे, ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवणारे बरेच गट आहेत. यंदा ५ जूनला, पर्यावरण दिनाला, त्यांचा जाहीर सन्मान करायचं ठरलं आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. अर्ज मागवले, तर ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांचेच आले. एका अर्जात वृक्षारोपणाचे इतके फोटो आहेत, की माणसांच्या गर्दीत रोप शोधावं लागतं. त्याच रोपांना संध्याकाळी कॅनने पाणी घालणाऱ्या बाईंचं नाव मात्र कुठेच नाही. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "माझं कशाला? मी कुठं लावलीत ती?"
निकष काय ठेवू? आणि मान एकट्याला द्यावा की गटाला?

बुंधा:
आधी ते अर्ज बाजूला ठेवा. त्याऐवजी शिफारशी मागवा, स्वतःचं नाव सुचवायला बंदी. प्रत्येक गटाला एकच विचारा: तुमच्यातलं कोण महिनाभर आलं नाही तर काम अडेल? जे नाव येईल ते बहुतेक वेळा फोटोत नसतं.
झाडांचं म्हणाल, तर किती लावली हे विचारूच नका, किती जगली ते बघा. केनियात वांगारी मथाई यांनी १९७७ साली ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. तिथे रोपं वाढवणाऱ्या बायकांना थोडासा मोबदला मिळायचा, तोही जगलेल्या रोपामागे. मथाईंना २००४ साली शांततेचं नोबेल मिळालं ते सगळ्यांना ठाऊक असतं, मला मात्र ही मोबदल्याची अट जास्त मोलाची वाटते.
म्हणून समितीने जागेवर जावं, तेही दोन उन्हाळे काढलेल्या लागवडीच्या. आळं मोडलंय की राखलंय ते दिसतंच. आधाराच्या काठीला बांधलेली सुतळी जरूर बघा. बुंधा जाड होत जातो, तशी ती सैल करावी लागते. सुतळी सालीत रुतलेली दिसली, की लावल्यानंतर तिथे कुणी फिरकलेलं नाही असं खुशाल समजा. फोटो कितीही असोत.

सातबारा:
एकटा की गट, हा वाद जुना आहे. गोल्डमन पर्यावरण पुरस्कार १९९० पासून दिला जातो, तो तळागाळात काम करणाऱ्या व्यक्तींना. उलट १९८७ साली राइट लाइव्हलीहुड पुरस्कार अख्ख्या चिपको आंदोलनाला मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा २००२ पासूनचा इक्वेटर पुरस्कारही स्थानिक समूहांनाच असतो.
माझं मत गटाच्या बाजूने. फक्त प्रशस्तिपत्रावर सगळ्यांची नावं छापा. 'अमुक मंडळ व सहकारी' असं लिहिलंत, की सहकारी पुढच्या वर्षी येत नाहीत. आणि रोख रक्कम देणार असाल, तर ती कुणाच्या खात्यात जाणार हे आधीच लेखी ठरवा. पर्यावरण राहतं बाजूला आणि हिशेबावरून गट फुटतो.

चिमटा:
वहीवाल्यांना विसरू नका! साफसफाईत पोती सगळे मोजतात, पण पोत्यात काय होतं हे लिहून ठेवणारा एखादाच. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावरून जी स्वच्छता मोहीम पुढे जगभर गेली, तिच्यात स्वयंसेवक बाटल्या, झाकणं, सिगारेटची थोटकं अशी एकेका वस्तूची नोंद करतात. कचरा येतो कुठून ते या नोंदींवरून कळतं, नाहीतर दर महिन्याला तोच काठ झाडत बसायचं.
बाकी ट्रॉफी कमी आणि हातमोजे जास्त द्या बुवा. घरी ट्रॉफ्यांवर धूळ बसते, ती पण आम्हीच पुसायची.

नदीकाठ:
आभार सगळ्यांचे. सुतळीची परीक्षा आजच घेतली. भरपूर फोटोवाला अर्ज बाद. पाणी घालणाऱ्या बाईंची शिफारस आता तिघांकडून आली आहे, त्या अजून नाहीच म्हणतायत. नावं सगळ्यांची छापणार, रोख रक्कम कुणालाच नाही.
नदीवाल्या गटाला थेट विचारलं, काय देऊ? म्हणाले, काढलेला कचरा त्याच दिवशी उचलणारी गाडी द्या, नाहीतर पहिल्या पावसात सगळा परत पात्रात जातो. समारंभाआधी त्या गाडीचं लेखी आश्वासन मिळवायच्या मागे आहे. असं पत्र कुणी मिळवलं असेल, तर मजकूर इथे टाका.