नऊ माणसांच्या शॉपला ‘रिस्क असेसमेंट’ कशाला?

अंबडचा_प्रेसवाला: नाशिकच्या अंबडला माझं छोटं प्रेस शॉप आहे, पत्र्याचे पीस दाबून काढतो. चार पॉवर प्रेस, नऊ माणसं. पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीने, आता रिस्क असेसमेंटची (कामात कुठे काय धोका आहे त्याच्या तपासणीची) फाईल मागितलीय. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा 20 कामगारांची आहे, म्हणजे मी त्यात बसतही नाही. पीसमागे पैशांत हिशेब चालतो आमचा. हा खर्च कुठून काढायचा?

हिशेबी_काकू: दादा, नऊच माणसं हीच तर अडचण आहे. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, दहा माणसांपासून सक्तीचं. ते नाही, म्हणजे बोट गेलं तर भरपाई तुमच्या खिशातून. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला 30 टक्के आणि पूर्ण तर्जनीला 14 टक्के कमाईची क्षमता गेली असं धरलं होतं. पगार आणि वय घालून एकदा आकडा काढून बघा, मग खर्चाचं बोलू.

सातपूर_जुना: काकूंचा हिशेब बरोबर, पण फाईलने बोट वाचत नाही हो. आमच्याकडे कन्सल्टंटने दिलेल्या फाईलमध्ये बॉयलरचा धोका लिहिला होता. आमच्याकडे बॉयलरच नाही! दुसऱ्या कुणाची फाईल, वरचं नाव तेवढं बदललेलं. ऑडिटवाल्यानेही सही केली. माझं मत स्पष्ट आहे: हा सगळा कागदी धंदा.

दुसरी_पाळी: मी ऑपरेटर आहे, बारा वर्षं प्रेसवर. फाईल कधी बघितली नाही, पण धोका कुठे आहे ते सांगतो. टू-हँड बटण असतं ना, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस चालते, त्यातलं एक आम्ही चिकटपट्टीने दाबून ठेवतो. का? पीस धरायला दुसरा हात लागतो म्हणून. मालकाला माहीत असतं, सुपरवायझरलाही. टार्गेट निघतंय तोवर कुणी बोलत नाही. आणि डाय (साचा) बदलताना मेन स्विच बंद केला तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं. रॅमखाली (वरून खाली येणाऱ्या भागाखाली) ठोकळा लावल्याशिवाय हात घालायचा नाही, हे नवीन पोराला सांगतो कोण?

अंबडचा_प्रेसवाला: भाऊ, चिकटपट्टी माझ्याकडेही दिसते, खोटं कशाला बोलू. पण दोन्ही बटणं दाबायला लावली की तासाचे पीस कमी होतात. पार्टी रेट वाढवते का?

दुसरी_पाळी: पीस जागेवर अडकवणारे लोकेटर नीट बसवा, पीस भरायला चुंबकाचा चिमटा द्या. धरायलाच लागलं नाही तर चिकटपट्टी लावेल कोण?

चिवडा_पंचवटी: आमचं फरसाण युनिट आहे, प्रेस-बिस काही नाही. पण कढईसमोरच्या फरशीवर तेल सांडायचं आणि आम्ही बायकांना रबरी बूट वाटत होतो. शेवटी कढई भिंतीकडे सरकवली, झारा निथळायला खाली ट्रे लावला. बूट आता कुणी घालत नाही. (घालायला हवेत, ते वेगळं.)

सातपूर_जुना: बघा, हे झालं कुठल्याही फाईलशिवाय.

हिशेबी_काकू: झालं, पण लिहून ठेवलं नाही तर उद्या नवीन मुकादम कढई परत पुढे ओढेल. एक पान पुरे. काय दिसलं, काय केलं, कुणी बघायचं.

अंबडचा_प्रेसवाला: एक पान लिहितो, कन्सल्टंट नको. शनिवारी एमआयडीसीची सुट्टी असते, तेव्हा दोघा ऑपरेटरांना घेऊन निवांत फिरतो शॉपमध्ये.

दुसरी_पाळी: साहेब, शनिवारी मशीन बंद. बंद मशीनवर काय दिसणार? शुक्रवारी रात्री दहानंतर या, न सांगता.