अनुभव धागा: बर्फाने दगा दिला तेव्हा

माळ्यावरची
काल माळा आवरताना क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे अणकुचीदार काटे) सापडले. आई म्हणे, "भंगारात देऊ?" आणि फ्रेंडशिप पीकचा तो मे महिना आठवला (मनालीच्या वर, ५२८९ मीटर). त्याआधी चार महिने दर रविवारी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सिंहगड केला होता! समिटसाठी रात्री एकला निघालो, तर आभाळ भरलेलं. आभाळ निरभ्र असलं की रात्रीत बर्फ टणक होतो, क्रॅम्पॉन कचकन रुततात. ढगांचं पांघरूण असलं की ऊब सुटतच नाही. मांडीपर्यंत पाय आत, एक उपसला की दुसरा गडप. चारच्या सुमाराला गाईडने काठी खुपसून बघितली. "दीदी, नीचे चलो. धूप आते ही ये ढलान छूटेगी." मी त्याच्याशी भांडले. अजून लाज वाटते.
तुमचेही लिहा.

कोथरूडचा मामा
उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक, डिसेंबर. भाचरांना बर्फात खेळवायला नेलेलं. सांक्रीपासून जुडा का तालाबपर्यंत धुरळा! बर्फ सापडला तो झाडांच्या सावलीत, सतरंजीएवढा. भाची म्हणे, "मामा, हा सिंहगडच की, फक्त पिठलं नाही."

खादाड_४११०३०
पिठलं, भाकरी, मटक्यातलं दही... डाएट मोडलं मामा तुम्ही

रोपवाला
आमचं वेगळंच. घळीत बर्फच नव्हता. एरवी बर्फच दगडांना धरून ठेवतो ना. ऊन चढलं की एकेक दगड सुटायचा, सूं आवाज करत. हेल्मेट घालून दगडाआड तासभर बसलो, चिक्की संपली. त्यानंतर मी फक्त सह्याद्री. (हो, इथेही दगड पडतात. माहितेय.)

नवखा
ताई क्रॅम्पॉन विकणार का? बूट ९ नंबर

माळ्यावरची
नाही रे. आईलाही तेच सांगितलंय.

आजोबा_ट्रेकर
अगं, भांडलीस ते साहजिक आहे. रजा, पैसे, सगळंच अडकलेलं असतं. मीही असाच तोंड पाडून परतलो होतो. वडिलांनी दारातच विचारलं, "बोटं वीस आहेत ना? मग आंघोळ कर."

खादाड_४११०३०
😂😂 आजोबा

सदाशिवपेठकरीण
क्रॅम्पॉनखाली बर्फाचे लाडू होतात त्यावर कुणी लिहिलंच नाही. दर दोन पावलांना आइस अ‍ॅक्सने (बर्फाच्या कुऱ्हाडीने) ठोकून पाडायचे. माझ्या नवऱ्याने तर एकदा... थांबा, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करून येते