शेतात अख्खं डुक्कर भाजायचंय, कुणी केलंय का?

माजी सैनिक, निलंगा

राम राम मंडळी. १७ वर्षं फौजेत काढून मागच्या वर्षी गावी आलो. त्यातली तीन वर्षं नागालँडमधी होतो. घरात आजी माळकरी, त्यामुळं डुकराचं मांस मी पहिल्यांदा खाल्लं ते तिथंच, एका सोबत्याच्या घरी. त्याच्या बापानं पहाटेपासून विस्तवाजवळ बसून भाजलेलं आन् पहिला तुकडा माझ्या पानात टाकलेला. पुढं मला टायफॉईड झाला तेव्हा ह्याच गड्यानं आठ दिवस मला पेज पाजली.

आता तो आन् आणखी पाच जण १५ जानेवारीला, लष्कर दिनाला, आमच्याकडं यायलेत. त्याच्या घरी मला जसं वाढलं तसं मला माझ्या शेतात त्याला वाढायचंय. एकूण ६० माणसं होतील. डुक्कर खाणारे ३५, बाकीच्यांना बोकडाचं वेगळं करणार आहे.

रान काळ्या मातीचं हाय, विहिरीजवळ थोडा मुरमाड माळ हाय. खड्ड्यात पुरून भाजावं का दांड्यावर फिरवत? केवढं डुक्कर लागंल, किती तास लागतील? आन् आणायचं कुठून? गावात गटारीला फिरतात ती तर नकोच वाटतात.

शेतकरी, औसा

फौजी, विकत कशाला आणता? आमच्याकडं रानडुकरांनी हरभरा उकरून सगळं वाटोळं केलंय. एखादं रानातलंच धरा, नुकसान करणारं एक तरी कमी होईल. चवही चांगली असते म्हणतात.

पशुवैद्यक, उदगीर

औसेकर, तुमच्या हरभऱ्याचं दुःख मला कळतं, पंचनाम्यांच्या वेळी मी ती रानं पाहिली आहेत. पण हा सल्ला कृपा करून कुणी घेऊ नये. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय मारणं हा गुन्हा आहे, आणि पार्टीसाठी अशी परवानगी मिळत नसते. शिवाय त्या जनावराच्या अंगात काय आहे हे कापण्याआधी कुणीच तपासलेलं नसतं.

फौजी, गटारीवरची डुकरं नको वाटतात ते अगदी बरोबर वाटतं. माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या मांसात साबुदाण्याएवढे पांढरट फोड धरतात. तसं मांस कच्चं राहिलं की खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मग त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातावाटे, पाण्यावाटे कुणाच्याही पोटात गेली तर मेंदूपर्यंत गाठी होऊ शकतात. फिट येणारी माणसं तपासायला जातात तेव्हा कधीकधी हेच निघतं. म्हणून जनावर बंदिस्त गोठ्यातलंच घ्या, ज्याला धान्याचा भरडा आणि पेंड मिळते असं. लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही डुकराची जात किंवा तिचं संकरित चालेल. कापण्याआधी जवळच्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्या, आणि कापल्यावर जीभ व मांडीचं मांस चिरून फोड आहेत का ते पाहायला सांगा.

आणखी एक. तुमचे नागा मित्र घरून धुरावलेलं मांस आणतील, तो त्यांचा मायेचा खाऊ असतो. तुम्ही जरूर खा, पण उरलेला तुकडा किंवा हाड कुठल्याही डुकरापुढं टाकू नका. आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२० मध्ये पहिल्यांदा आसाम-अरुणाचलात आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचे कळप संपवतो, आणि त्याचा विषाणू धुरावलेल्या मांसातही टिकून राहतो. तुमच्या जनावराची आतडी-रक्तही चुना टाकून खोल पुरा, कुत्री उकरणार नाहीत असं.

शिजण्याचं म्हणाल तर मांडीच्या सगळ्यात जाड जागी, हाडाला न टेकवता, ७० अंश सेल्सिअस भरले की धोका नाही. खांद्याचं मांस मात्र ८५ ते ९० ला जातं तेव्हाच सुटं होतं. आत खुपसायचं थर्मामीटर घ्याच, रंगावर जाऊ नका.

आचारी, अंबाजोगाई

डॉक्टरसाहेबांनी जनावराचं सांगितलं, मी विस्तवाचं सांगतो. २२ वर्षं कंदुरीची जेवणं करायलोय. अख्खं बोकड तर कितीदा भाजलं. डुक्कर नऊ वेळा, सगळी पुलाच्या कामावरच्या केरळी लोकांसाठी.

खड्ड्याच्या नादी लागू नका. काळी माती जानेवारीत खाली ओली असते, तापायलाच निम्मा दिवस खाते. आन् खड्ड्यात टाकायला कुणी नदीतले गोटे आणले तर त्यात पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटून उडतात. माळावर, वाऱ्याला पाठ करून, दांड्यावर भाजा.

३५ माणसांना जिवंत ३५ ते ४० किलोचं पिलू पुरतं, चार-साडेचार महिन्यांचं. साफ होऊन २५-२७ किलो राहतं, त्यातून शिजून हाडं वजा जाता ११-१२ किलो मांस हातात येतं. ह्याच्यापेक्षा मोठं घेऊ नका, बाहेरून करपतं आन् आतून राहतं.

केस काढायला पाणी उकळतं वापरलं की केस कातडीत घट्ट बसतात. ६० ते ६५ अंशाचं पाणी पाहिजे, बोट एकदा बुडवून लगेच काढावं लागतं इतकं. गोणपाट भिजवून अंगावर टाका, पाच मिनिटांनी सुरीच्या पाठीनं खरवडा. कातडी फाटू देऊ नका, तीच शेवटी पापडासारखी लागते. हे काम आदल्या संध्याकाळी करा, पोटात बर्फाच्या पिशव्या भरून स्वच्छ फडक्यात झाकून ठेवा. जानेवारी हाय म्हणून बर्फाशिवाय ठेवू नका.

आता दांडा. सव्वा इंची काळा लोखंडी पाइप घ्या. नळाचा जस्त चढवलेला पाइप घेऊ नका, तापला की त्याचा धूर विषारी असतो. बांधायच्या तारेचंही तेच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कणा. पाठीचा कणा आतून पाइपाला पाच ठिकाणी तारेनं आवळा, तार कण्याच्या दोन्ही बाजूंनी कातडीबाहेर काढून पिळा. माझ्या तिसऱ्या वेळी मी फक्त पाय बांधले होते. तीन तासांनी मांस मऊ झालं आन् पाइप फिरायला लागला, जनावर जागच्या जागी. जड बाजू खालीच राहिली, तेवढा भाग जळून गेला. ७० माणसं ताट घेऊन बसलेली. तो दिवस मी विसरलो नाही.

पोटात आलं, लसूण, हिरवी मिरची, चिंचेचा घट्ट कोळ, काळा मसाला आन् अर्धा किलो जाडं मीठ चोळा. चार कांदे, पातीची जुडी टाकून दाभणानं सुतळीनं शिवा, प्लॅस्टिकचा दोरा नको. वरून कातडीला कोरडं पुसून नुसतं मीठ. वरून तिखट किंवा गूळ लावला की काळं होतं.

विस्तव बाजूला वेगळा पेटवा आन् निखारे फावड्यानं आणून टाका. बाभळीचा किंवा चिंचेचा कोळसा ३० किलो धरा. पेटवायला तुराट्या चालतील, पऱ्हाट्या नको, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. कडुनिंबाचा धूर कडू, कण्हेर तर विषारीच. निखारे सगळीकडं सारखे पसरू नका. दोन ढीग, एक मांड्यांखाली, एक खांद्यांखाली. मधल्या पोटाखाली जवळजवळ काही नको, ते पातळ असतं आन् चरबीही तिथूनच गळती. जाळ उठला की पाणी ओतू नका, राख उडून मांसाला बसती, फावड्यानं निखारा सरकवा. सुरुवातीला दांडा विस्तवापासून अडीच फूट, शेवटच्या अर्ध्या तासात फूटभर खाली आणून कातडी फुलवायची. सहा तास धरा. फिरवणारा माणूस दर तासाला बदला, आन् त्यानं तेवढा वेळ मोबाईल बघायचा नाही.

माजी सैनिक, निलंगा

मामा, डॉक्टरसाहेब, वहीत उतरवून घेतलं. एक अडचण सांगतो. आमच्या बांधाला एक चाचा हाईत, माझ्या गैरहजेरीत त्यांनीच आमचं रान सांभाळलं. त्यांना बोलवायचं तर हायच. गावकीच्या कढया आन् परातीही आम्ही सगळे मिळून वापरतो. कसं करू?

आचारी, अंबाजोगाई

गावकीच्या एकाही भांड्याला हात लावू नका. सुऱ्या, परात, फळी नवी विकत घ्या, काम झालं की तुमच्याच घरी वेगळी ठेवा. जागा त्यांच्या बांधापासून लांब आन् वाऱ्याच्या खालच्या अंगाला निवडा. त्यांच्याकडं आधी स्वतः जाऊन, असं असं हाय म्हणून सांगा, लपवू नका. बोकड त्यांनाच हलाल करायला सांगा, ती चूल आन् आचारी दोन्ही वेगळे. वाढणारी पोरंही वेगळी.

माजी सैनिक, निलंगा

झालं. १७ तारखेला लिहायलो.

२६ किलो भरलं. साडेबाराला चढवलं, सव्वासातला उतरवलं. मांडीत ७४, खांद्यात ८७. चारच्या सुमाराला वारा फिरला, मागचा ढीग थंड पडला. पत्र्याचा आडोसा करून निखारे वाढवले, त्यात पाऊण तास गेला. कणा पाच ठिकाणी बांधला होता, जराही सरकला नाही.

चाचांनी बोकडाचं सगळं आपल्या हातानं केलं. मी सांगायला गेलो तेव्हा एवढंच म्हणले, "पोरा, तू विचारायला आलास ना."

माझा सोबती दुपारपासून दांड्याजवळनं उठलाच नाही. कुणाला फिरवू देईना. कापायची वेळ आली तेव्हा गालाचं मांस मी त्याच्या पानात टाकलं, ज्वारीची कडक भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी सोबत. त्यानं त्यातला अर्धा तुकडा परत माझ्या पानात ठेवला. आजीही आली होती, लांब बाजेवर बसून. तिनं त्या सगळ्यांना तिळगूळ दिला.

मामा, तुम्ही पाठवलेलं थर्मामीटर माझ्याकडं राहिलंय. अंबाजोगाईला शुक्रवारी येणार हाय, सोबत आणतो.