आई-वडील दोघांनाही मधुमेह, आणि गोड नाश्ता केला की तीन तासांत पुन्हा भूक: याचा संबंध आहे का?

प्रश्न

वय ३४. आई आणि वडील दोघांनाही टाइप २, दोघांचंही निदान पन्नाशीच्या आत झालेलं. माझी उपाशीपोटी साखर ९७, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.६. रिपोर्टवर दोन्हींपुढे ‘नॉर्मल’. सकाळी आठला गोड सीरियल आणि ग्लासभर संत्र्याचा रस घेतला की अकराच्या सुमारास पोटात खड्डा पडतो, हात किंचित थरथरतात आणि पुन्हा गोडच हवंसं वाटतं. धोका नेमका किती? गोडाने भूक वाढते हे खरं आहे का? आणि साखर पूर्ण बंदच करायची का?

उत्तर १

आधी धोक्याचं. एका पालकाला टाइप २ असेल तर आयुष्यभरात तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात, दोघांनाही असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास. आकडा मोठा आहे, पण तो सगळा जनुकांचा नाही. एका घरात वाढलेल्यांची ताटं, झोप आणि बैठी सवयही सारखीच असते. जनुकांतून जे येतं ते बहुतेक वेळा इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची कमी शिल्लक. टाइप २ शी सर्वात ठळकपणे जोडलेलं टीसीएफ७एल२ हे जनुक २००६ मध्ये सापडलं, आणि त्याचं कामही मुख्यतः इन्सुलिन स्रवण्याशी निगडित आहे. शिल्लक कमी असलेल्या माणसाच्या शरीरावर वाढलेल्या वजनाचा ताण लवकर दिसतो.

तुमचे दोन्ही आकडे रेषेच्या अगदी अलीकडे आहेत. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था. १२६ आणि ६.५ पासून मधुमेह. दोन्ही पालकांचा इतिहास बघता डॉक्टरांशी बोलून एकदा ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी करून घ्या. जेवणानंतर इन्सुलिन उशिरा किंवा कमी येतं, ही गडबड उपाशीपोटीच्या आकड्यात बरेचदा दिसतच नाही. दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे इशारा, २०० आणि पुढे मधुमेह.

ही चाचणी बिघडते ती तयारीमुळे. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. ‘उद्या टेस्ट आहे’ म्हणून आठवडाभर भात-ब्रेड सोडला तर आकडा खोटाच वर येतो. किमान ८ तास उपाशी राहायचं, ग्लुकोजचं पाणी ५ मिनिटांत संपवायचं, वेळ पहिल्या घोटापासून मोजायची आणि मधले दोन तास बसून राहायचं. फेऱ्या मारल्या तर आकडा खाली येतो. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतं, म्हणून हिमोग्लोबिनही बघून घ्या.

उत्तर २

भुकेबद्दल लिहितो, कारण यात अर्धवट माहिती फार फिरते.

‘साखर चढते, मग आपटते, म्हणून भूक लागते’ हे खरं आहे, पण एवढंच नाही. २०२१ मध्ये हजारावर निरोगी लोकांच्या साखरेवर सेन्सरने नजर ठेवली गेली. नाश्त्यानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्या खाली जास्त गेली, त्यांना भूक लवकर लागली आणि दिवसभरात त्यांनी सरासरी ३१२ कॅलरी जास्त खाल्ल्या. साखर किती वर चढली यापेक्षा ती नंतर किती खाली गेली याचा भुकेशी जवळचा संबंध निघाला. तुमचं आठ ते अकरा हे वेळापत्रक त्यात चपखल बसतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: रस पोटाला ‘जेवण’ म्हणून कळतच नाही. २५० मिलिलिटर संत्र्याच्या रसात २० ते २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. तीन-चार संत्री पिळल्याशिवाय तो ग्लास भरत नाही, आणि रिकामा मात्र मिनिटभरात होतो. तीच संत्री सोलून, चावून खायला बसलात तर दुसऱ्यालाच हात आखडतो. १९७७ च्या एका प्रयोगात सफरचंद अख्खं, लगदा करून आणि रस काढून दिलं, तिन्हींत कर्बोदकं सारखीच. रस अख्ख्या फळापेक्षा ११ पट वेगाने संपला, पोट सर्वात कमी भरलं आणि नंतर साखरही खाली घसरली. २००० च्या दुसऱ्या प्रयोगात रोज ४५० कॅलरी चार आठवडे जेली बीन्स या गोळ्या-चॉकलेटसारख्या गोड खाऊतून दिल्या, आणि चार आठवडे गोड सोड्यातून. जेली बीन्स खाताना लोकांचं बाकीचं खाणं आपोआप कमी झालं. सोडा पिताना झालं नाही आणि वजन वाढलं. साखर दोन्हीकडे होती, फरक पातळ-घट्टाचा.

फ्रुक्टोजची, म्हणजे फळांत आणि नेहमीच्या साखरेतही असणाऱ्या एका साखरेची, अजून एक बाजू आहे. ते इन्सुलिनला फारसं चेतवत नाही, त्यामुळे ‘पुरे’ सांगणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी वाढतं आणि भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक नीट दबत नाही.

प्रश्नकर्ता

म्हणजे रस बंद, फळ चालू. मग मध किंवा ब्राउन शुगर? आणि हात थरथरणं हा हायपो, म्हणजे रक्तातली साखर फार खाली जाणं, आहे का?

उत्तर ३

मध, ब्राउन शुगर, सिरप, रसाचं कॉन्सन्ट्रेट या सगळ्या ‘मोकळ्या’ साखरा, म्हणजे अख्ख्या फळात बांधलेल्या नसलेल्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, शक्यतो ५ टक्क्यांखाली. २००० कॅलरींच्या आहारात ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. तुमचा एक ग्लास रस यातल्या खालच्या मर्यादेपाशी एकटाच पोचतो.

थरथरीला अंदाजाने हायपो म्हणू नका, त्याच क्षणी ग्लुकोमीटरने मोजा. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर आकडा भलताच वर येतो. ७० ते ९० दिसलं तर ती बहुधा वेगाने झालेली घसरण आहे, धोका नाही. ५५ च्या खाली गेलं आणि खाल्ल्यावर त्रास थांबला, तर नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.

पूर्ण बंदी मी सुचवणार नाही. साखर काढली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही, की दुपारी चारला दुप्पट खाल्लं जातं. बदलायचा आहे तो नाश्ता: २०० ग्रॅम घट्ट गाळलेलं साधं दही, ४० ग्रॅम साधे ओट्स, एक उकडलेलं अंडं, एक अख्खं फळ. यात ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. फ्लेवर घातलेलं दही घेतलंत तर सगळं मुसळ केरात, त्यात साखर असते. पाकिटावर १०० ग्रॅममागे साखर किती ते वाचा. दोन आठवडे करा आणि नाश्त्यानंतर तीन तासांनी भूक ० ते १० मध्ये लिहून ठेवा. चहा-कॉफीतली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जीभ सरावते. साखरेऐवजी स्वीटनर घेऊन वजन उतरेल ही अपेक्षा नको. त्यासाठी ते वापरू नका असंच २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं.

जेवणात भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ शेवटी. जेवल्यावर १५ मिनिटं चाला, कारण काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. झोपही मोजा: दोन रात्री चारच तास झोपू दिलेल्या तरुणांमध्ये घ्रेलिन २८ टक्के वाढलं होतं.

आनुवंशिकतेपुढे हात टेकू नका. २००२ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांना ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य दिलं. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

उत्तर ४

एक राहिलं. पालकांचं निदान पन्नाशीच्या आत म्हणजे नेमकं कोणत्या वयात, आणि तेव्हा वजन किती, हे विचारून घ्या. घरात सलग दोन-तीन पिढ्यांत पंचविशीच्या आतबाहेर मधुमेह निघाला असेल आणि माणसं सडपातळ असतील, तर तो एकाच जनुकातल्या बदलामुळे होणारा ‘मोडी’ असू शकतो. त्याची जनुकीय चाचणी होते आणि काही प्रकारांत उपचारच बदलतात. एरवी वर्षातून एकदा तपासणी पुरे. पण तहान आणि लघवी वाढून वजन आपोआप उतरायला लागलं, तर वर्षाची वाट न बघता त्याच आठवड्यात रक्त तपासा.