विषय: शनिवारची स्मूदी – बाटली काठोकाठ की जागा ठेवून?

सहल समिती:
नमस्कार मंडळी, स्मूदी प्रत्येकाने घरूनच आणायची हे ठरलंय. पण पहिला थांबा चार तासांनी आहे. मागच्या वेळी वर फेस, खाली गाळ आणि मधे नुसतं पाणी झालं, मुलांनी तोंडही लावलं नाही. वहिनी, तुमची पद्धत आज रात्रीपर्यंत लिहा. सगळ्यांना कळवायचंय.

वहिनी:
बर्फ घालू नका. तो वितळला की सगळं पातळ होतं. त्याऐवजी फळंच आदल्या दिवशी गोठवून घ्या. केळं किंवा सफरचंद असेल तर लिंबू पिळा आणि बाटली काठोकाठ भरा. आत हवा राहिली की रंग काळपट होतो.

दादा:
काठोकाठ भरलेली बाटली कोणी फ्रीजरमध्ये ठेवेल, तेवढं आधी थांबवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काच तडकते. थर्मास तर फ्रीजरमध्ये नकोच. आतली भिंत फुगली की मधली निर्वात पोकळी गेली, मग तो साधा डबा.

वहिनी:
फ्रीजर मी फळांसाठी म्हटलं होतं, बाटलीसाठी नाही. आधी नीट वाचा. सहलीच्या पेयांचं मी बघते, तेव्हा सूचना माझ्याकडूनच जाऊ देत.

काका:
एक सांगायचं राहिलं. दूध किंवा दही घालणार असाल तर ताजं किवी, अननस, पपई नको. नातीसाठी दूध-किवी करून ठेवलं होतं, तासाभरात कडू. या फळांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि गोठवूनही ती मरत नाहीत. डब्यातला अननस चालतो, तो तापवलेला असतो.

ताई:
काका, पपई माझी मुलगी आवडीने खाते! दुधाऐवजी संत्र्याचा रस घातला तर चालेल ना? आणि गाळ बसू नये म्हणून चिया कसं?

काका:
रसात खुशाल घाला, तिथे तोडायला दुधाची प्रथिनं नाहीत. चिया मात्र अगदी चिमूटभर. ते पाणी शोषून फुगत राहतं, चार तासांत चमच्याने खावं लागेल. मी भिजवलेले ओट्स वाटून घालतो. दाटपणा टिकतो आणि गाळही लवकर बसत नाही.

डॉक्टरताई:
दाटपणाचं बघा, पण आधी थंडावा. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. दुधाची किंवा कापलेल्या फळांची स्मूदी त्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको, बाहेर ३२ अंशांवर असेल तर एकच तास. थांब्यावर कोमट लागली तर वास बघत बसू नका, ओतून द्या.

दादा:
म्हणूनच सुचवतो. थोडी स्मूदी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. सकाळी थर्मासमध्ये दहा मिनिटं बर्फाचं पाणी ठेवून ओता. मग फ्रीजमधली गार स्मूदी आणि ते खडे. वितळले तरी स्मूदीच होणार, पातळ होणार नाही. आणि हे काठोकाठही भरता येतं, वहिनी.

वहिनी:
खड्यांचं पटलं. फक्त गच्च भरलेला थर्मास हलवता येत नाही. आधी दोन घोट प्यायचे, मग झाकण लावून जोरात हलवायचा. समितीने हेही कळवावं. माझ्याकडे जादा ट्रे आहेत, हवे असतील त्यांनी गुरुवारी घेऊन जा. शुक्रवारी रात्री गोठवायला लागतील.

सहल समिती:
कळवतो. डॉक्टरताई, थर्मास नाही त्यांनी काय करायचं?

डॉक्टरताई:
साधी बाटली कूलर बॅगमध्ये, दोन्ही बाजूंना गोठवलेले आइस पॅक. आणि बॅग गाडीच्या डिकीत नको, आत सावलीत ठेवा.